नदीखोऱ्यांतील वारा व तणनाशकाची फवारणी

वारा कोणत्या दिशेचा, हें हवामानवृत्तावरून कळतें; परंतु आपल्या बांधावर तो त्याच दिशेनें येईल असें नाहीं. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत कुकडी, मीना व घोड या नद्या सह्याद्रींतून निघून पूर्वेकडे वाहतात. दोहों बाजूंस डोंगर असल्यामुळें वाराहि, पाटांतील पाण्याप्रमाणें, पुष्कळदां खोऱ्याच्याच वाटेनें वळतो.

पावसाळ्यांत पश्चिम-नैर्ऋत्येचा वारा जोराचा असून त्याची दिशा सहसा बदलत नाहीं. हिवाळ्यांत मात्र आकाश निरभ्र व मूळचा वारा मंद असतो. तेव्हां स्थानिक कारणें प्रबळ होतात. दिवसा डोंगरउतार तापून तेथील हवा हलकी होऊन वर चढते, व वारा खोऱ्यांतून सह्याद्रीकडे वाहूं लागतो. रात्रीं उतार निवतात आणि थंड, जड हवा ओढ्यानाल्यांनीं उतरून नदीबरोबर खालीं जाते. उन्हाळ्यांत दुपार कलल्यावर समुद्राकडील वारा घाट ओलांडून येतो. शिवनेरीसारख्या डोंगराच्या आडोशास वारा दुभंगून भोंवरे उठतात. माणिकडोह, वडज, डिंभें या धरणांच्या कांठीं उन्हाच्या वेळीं पाण्यावरील थंड हवा जमिनीकडे सरकूं शकते.

याचें महत्त्व फवारणीच्या वेळीं कळतें. उंसांतील रुंद पानांच्या तणांवर टू-फोर-डी हें औषध मारतात. त्याचे सूक्ष्म तुषार शेजारच्या द्राक्षबागेवर वा टोमॅटोवर गेल्यास पानें आक्रसतात व पीक हातचें जातें. आम्ही महसूल खात्यांत असतां खरेदीखतांतील चतुःसीमा पुष्कळ वाचल्या. वाऱ्यास त्या लागू नाहींत. पंप आपला असला तरी नुकसान शेजाऱ्याचें होतें, आणि पिढ्यांचा घरोबा एका सकाळींत तुटतो.

पहांटेची निवांत वेळ उत्तम, असा पुष्कळांचा समज आहे. तो धोक्याचा होय. त्या वेळीं जमिनीलगत थंड हवेचा थर सांचलेला असतो; तुषार त्यांत तरंगत राहून खोऱ्यानें दूरवर जातात. सबब फवारणीपूर्वीं बांधावर थोडा धूर करून पाहावा. धूर आडवा पसरून थरासारखा राहिला, तर थांबावें. तो एकाच दिशेनें मंदपणें, शेजारच्या नाजुक पिकापासून दूर जात असेल, तरच पंप उचलावा. दिशा पालटतांच काम बंद ठेवावें. एक दिवसाचा खोळंबा परवडतो. शेजाऱ्याची बाग भरून देणें परवडत नाहीं.