बंदूक गाडीत, परवाना शेतात

मंडळी, मी कविता लिहिणारा माणूस. बंदुकीवर बोलायला मला बोलावलं तेव्हा घरचेसुद्धा हसले. पण या विषयाचा धडा मी पुस्तकात वाचलेला नाही, तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढून शिकलेला आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे आणि ज्यांची सोयरीक, शेती किंवा धंदा राज्याच्या हद्दीपलीकडे आहे, त्यांनी तरी हे ऐकावं.

मिरजेहून म्हैसाळच्या रस्त्यानं निघालं की अर्ध्या तासाच्या आत कागवाड येतं. मधे कुठंतरी महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक सुरू होतं. ऊस तोच, द्राक्षबागा त्याच, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते, तेव्हा कळतं की आपण दुसऱ्या राज्यात आलो. आमच्या मामूंची शेती त्या पाट्यांच्या पलीकडे आणि घर मिरजेत. घरात एक जुनी दुनळी बारा बोअरची बंदूक होती. उसात रानडुकरं शिरली की मामू रात्री हवेत एक बार काढायचे, कळप पळून जायचा. डुकराला त्यांनी कधी मारलं नाही. तेही बरंच झालं, कारण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. त्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा आहे.

१९९९ सालची गोष्ट. मामू शेतावर होते. त्यांनी फोन करून सांगितलं, "बेटा, डुकरांनी फार नासधूस केलीय. बंदूक घेऊन ये." मी सत्तावीस वर्षांचा. मामूंनी सांगितलं म्हणजे विषय संपला. बंदूक गोधडीत गुंडाळली, काडतुसांची पिशवी शेजारी ठेवली, मित्राची व्हॅन मागून घेतली आणि निघालो. हद्दीजवळ पोलिसांनी गाड्या थांबवल्या होत्या. ते काहीतरी दुसरंच शोधत असावेत. माझ्या गाडीत त्यांना गोधडी सापडली.

"परवाना?"

परवाना मामूंच्या सदऱ्याच्या खिशात होता आणि मामू शेतात होते.

फौजदार भला माणूस होता. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, चहा पाजला. माझं नाव लिहून घेताना एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा लिहू लागला. त्यानं वावगं काहीच केलं नाही. पण आपलं नाव आणि 'बंदूक' हा शब्द एकाच ओळीत लिहिला जात असताना माझ्यासारख्या माणसाच्या पोटात जो गोळा येतो, तो मी आजही विसरलेलो नाही. संध्याकाळी मामू धावत आले. त्यांनी परवाना पुढे केला. फौजदारानं तो शांतपणे वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं : सांगली जिल्हा.

इथून पुढं मी जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट. परवाना बंदुकीला मिळत नाही, माणसाला मिळतो. आणि तोही अमुक माणसाला, अमुक क्रमांकाच्या हत्यारासाठी, इतक्या काडतुसांसाठी, इतक्या मुदतीसाठी आणि इतक्या क्षेत्रासाठी. यातली एक गोष्ट चुकली तरी बाकीच्या चार उपयोगाला येत नाहीत. आमच्या घरात सगळे म्हणायचे, "बंदूक लायसनची आहे." वाक्य खरं होतं, पण अपुरं होतं. कुणाच्या नावाचं लायसन आणि कुठपर्यंतचं, हे कुणी वाचलंच नव्हतं.

याचं कारण आमच्या इतिहासात आहे. एके काळी हा सारा मुलूख पटवर्धनांच्या संस्थानांनी आणि इंग्रजी अमलाच्या तुकड्यांनी भरलेला होता. मिरज थोरली, मिरज धाकटी, सांगली, कुरुंदवाड, जमखंडी. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली आणि मिरज मुंबई राज्यात आली. बेळगाव जिल्हाही तेव्हा मुंबई राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्या दिवशी शेत जागेवरच राहिलं, घर जागेवरच राहिलं, पण मधल्या रस्त्यावर राज्याची हद्द आली. आमच्या आजोबांच्या मनात ती कधी उतरली नाही, मामूंच्याही नाही. कायद्याच्या कागदावर मात्र ती होती.

आजचा शस्त्र कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याआधी लिटनच्या काळातला १८७८ चा कायदा होता. १९५९ च्या कायद्याखालचे सध्याचे नियम २०१६ सालचे आहेत. परवान्याचं क्षेत्र जिल्ह्यापुरतं, राज्यापुरतं किंवा सबंध देशासाठी असू शकतं. पीक राखण्यासाठी दिलेला परवाना तर बहुधा ठरावीक शिवारापुरताच असतो. क्षेत्र वाढवून हवं असेल तर ज्या कार्यालयानं परवाना दिला तिथंच अर्ज करायचा. सांगलीसारख्या जिल्ह्यात ते जिल्हाधिकारी कार्यालय, पुण्या-मुंबईत पोलीस आयुक्तालय. शेती पलीकडे आहे, सातबाऱ्यासारखा तिकडचा उतारा आहे, ये-जा नेहमीची आहे, हे कागदांनिशी दाखवायचं. मंजुरीला वेळ लागतो. पण ती परवान्यावर नोंदवून येईपर्यंत बंदूक हद्द ओलांडणार नाही, एवढं पाळायचं.

दुसरी गोष्ट, बंदूक कुणाच्या हातात आहे. स्वतःचा परवाना नसलेल्या माणसाला दुसऱ्याची बंदूक नेता येते, पण कायद्याच्या तिसऱ्या कलमात त्याची चौकट दिली आहे. परवानाधारक सोबत हवा किंवा त्याचं लेखी अधिकारपत्र हवं. आणि काम दुरुस्तीचं, परवान्याच्या नूतनीकरणाचं किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापराचं हवं. मामूंनी मला चार ओळींची सहीची चिठ्ठी दिली असती तर एक चूक टळली असती. हद्दीची चूक मात्र तरीही उरलीच असती.

तिसरी गोष्ट, मूळ परवाना हत्यारासोबत हवा. पोलीस अधिकाऱ्याला परवाना दाखवा म्हणण्याचा अधिकार एकोणिसाव्या कलमानं दिला आहे. दाखवता आला नाही तर तो हत्यार ताब्यात घेऊ शकतो. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

चौथी गोष्ट, बंदूक न्यायची कशी. २०१६ चे नियम सांगतात की सार्वजनिक ठिकाणी लांब बंदूक तिच्यासाठी केलेल्या पेटीत किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेली हवी आणि नेणाऱ्याचा तिच्यावर ताबा हवा. गोधडी चालत नाही. मागच्या काचेतून नळी दिसते, हेही चालत नाही. दोन्ही नळ्या रिकाम्या करून, स्वतः उघडून पाहून मगच बंदूक पेटीत घाला. काडतुसं वेगळी ठेवा, परवान्यात लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त नको. वाटेत धाब्यावर जेवायला उतरलात आणि बंदूक गाडीत राहिली, तर तुमचा ताबा सुटला. चोरीला गेली तर ताबडतोब पोलिसांना कळवावं लागतं, आणि पुढची उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात.

पाचवी गोष्ट, मधे काय लागतं ते बघा. जत्रा, धार्मिक मिरवणूक, शाळा-कॉलेजचं आवार इथं बंदूक न्यायची नाही. म्हणजे उरुसाच्या किंवा गणपती विसर्जनाच्या दिवशी आमच्या मिरजेतून बंदूक घेऊन निघू नये. पलीकडच्या लग्नाला तर मुळीच नेऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात, इतरांचा जीव धोक्यात घालून गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. निवडणुकीच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत हत्यारं जमा करण्याचे आदेश निघतात. दोन राज्यांच्या विधानसभा निवडणुका एका वेळी नसतात. कर्नाटकची मे २०२३ मध्ये झाली, महाराष्ट्राची नोव्हेंबर २०२४ मध्ये. आपल्याकडे शांत आहे म्हणून पलीकडेही तसंच असेल असं धरून चालू नका.

कुणी म्हणेल, अमेरिकेत बरं, तिथं घरोघरी बंदुका. पण तिथंही दर राज्याचा कायदा निराळा. म्हणून १९८६ मध्ये त्यांनी वाटसरूसाठी एक तरतूद केली. जिथून निघालात आणि जिथं पोचायचंय, दोन्हीकडे हत्यार कायदेशीर हवं. वाटेत ते रिकामं आणि हाताला न लागेल असं, डिकीत ठेवलेलं हवं. आपल्याकडे नुसतं 'मी प्रवासात आहे' म्हणून भागत नाही. आपल्याकडे परवान्याचा रकाना बोलतो. आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. अशा नेमबाजांच्या रायफली गावोगावच्या स्पर्धांना जातात, त्याही कागदपत्रांसह. देशाचं नाव काढणाऱ्यांना जे चुकत नाही, ते आपल्याला कसं चुकेल?

आता आमचं काय झालं ते सांगतो. विनापरवाना बंदूक बाळगल्याच्या कलमाखाली माझ्यावर खटला झाला. त्या वेळी त्याला एक ते तीन वर्षं कैद होती. २०१९ पासून ती किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आहे. मी एका पतसंस्थेत कारकून होतो, कायम होण्याच्या बेतात होतो. खटला निकाली निघेपर्यंत ते लांबलं. हद्दीपलीकडच्या कोर्टात तारखांना जायचो. कागद कानडीत, मला एक अक्षर वाचता येत नसे. मामू प्रत्येक तारखेला सोबत यायचे आणि बाकावर खाली मान घालून बसायचे. "माझ्या डुकरांपायी तुझं आयुष्य अडकलं," एवढंच म्हणायचे. तीन वर्षांनी संशयाचा फायदा मिळून मी सुटलो. मामूंनी बंदूक परत मागितली नाही. परवानाही देऊन टाकला. पुढं डुकरं आली की ते पत्र्याचा डबा बडवायचे.

आमच्या मिरजेत सतार-तानपुरे करणारी जी घराणी आहेत, ती मूळची शिकलगारांची. तलवारी-भाल्यांना धार लावणारी माणसं. हत्यारांचं काम कमी झालं तेव्हा त्यांनी भोपळे आणि तारा हाती घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गेल्या वर्षी एका गायक मित्राचा तानपुरा घेऊन मी त्याच रस्त्यानं चाललो होतो. नाक्यावर पोलिसानं मागच्या सीटवरच्या लांबट गवसणीकडे बोट दाखवलं, "काय आहे?" तोंडातून शब्द फुटेना. गवसणी उघडून दाखवली, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "जा." तानपुऱ्याला परवाना लागत नाही, हे ठाऊक असूनही माझे हात पुढची दहा मिनिटं थरथरत होते.

ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी आज एवढंच करावं. परवाना बाहेर काढावा, चष्मा लावावा आणि क्षेत्राचा रकाना वाचावा. मुदत वाचावी, काडतुसांची संख्या वाचावी. आणि घरातल्या तरण्या पोरांना निक्षून सांगावं, की आम्ही फोन करून बोलावलं तरी बंदूक घेऊन यायचं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)