पटकथेत शेवट आधी येतो तेव्हा

शिळफाट्यावर एस.टी.ची वाट पाहत असताना एका विद्यार्थ्याने आपली पटकथा माझ्या हाती दिली. विषय महाडचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. त्याने विचारले, "सर, शेवट आधीच दाखवला तर पुढचा पिक्चर कोण बघेल?"

फ्लॅशबॅक मागे नेतो. फ्लॅशफॉरवर्ड अजून न घडलेले क्षणभर पुढ्यात आणतो. सिडनी पोलॅकच्या 'दे शूट हॉर्सेस, डोन्ट दे?' (1969) या चित्रपटात मंदीच्या काळातली नाचाची जीवघेणी स्पर्धा चालू असते आणि मधूनच नायक आरोपी म्हणून दिसतो. गुन्हा कोणता, ते कळत नाही. मग प्रेक्षक 'काय होणार?' हे सोडून 'असे का होणार?' हे विचारू लागतो.

हे महाडला लावून पाहू. 1923 साली मुंबई विधिमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे तळ्यावर जाऊन पाणी प्याली. नंतर मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, डिसेंबरात कोर्टाची मनाई आली. उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला तो 17 मार्च 1937 रोजी.

आता ओंजळ ओठाशी येते तिथेच दृश्य तोडा. 1937 चे कोर्ट दाखवा आणि परत तळ्यावर या. उत्कंठा संपते, पण हिशेब सुरू होतो: हक्क होता, तर एका ओंजळीला दहा वर्षे का? सोबत दुसरा धागा गुंफा, कागदांचा. एकीकडे तहान, दुसरीकडे ठराव, दावा, मनाई हुकूम. दोन्ही काळांनी एकमेकांना जाब विचारला पाहिजे. नाहीतर ती नुसती सरमिसळ.

यात एक धोका आहे. पुढचे आधी दिसले की ते कपाळावर लिहिलेले वाटू लागते. कर्मविपाकाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हेच शिकवले. म्हणून लाठी कोणी उचलली, दावा कोणी लावला, हे प्रत्येक टप्प्यावर दिसलेच पाहिजे.

गरज नसेल तिथे काळ मोडू नये. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (2016) मध्ये काळ सरळ पुढे जातो. शेवट आधी कळला असता, तर त्या दोघांच्या संसारावर आपण विश्वास ठेवला नसता.

एस.टी. आली. चढता चढता मी त्याला म्हणालो, "शेवट खुशाल आधी सांग, तो आपण जिंकलेला आहे. मधली दहा वर्षे कोणी खाल्ली, ते मात्र नीट लिही."