उतारवयातील शरीर आणि घरच्यांचे कर्तव्य

आपल्या भाषेने चष्म्याला 'चाळिशी' हे नाव दिले, त्यात शरीराविषयीचे एक सत्य साठविलेले आहे. चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांतील भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे अक्षर अंधुक दिसते. असाच पालट इतर अवयवांतही होतो. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात. साठीनंतर ही झीज वेग घेते. पाळी थांबल्यावर स्त्रियांची हाडे लवकर विरळ होतात. तहानेची जाणीवही मंदावते. हा निसर्गक्रम आहे. त्याचा विषाद मानण्याचे कारण नाही.

परंतु वार्धक्याच्या नावावर आपण जे दौर्बल्य खपवितो, ते सारेच वयाचे नसते. त्यात बसून राहण्याचा वाटा मोठा असतो. अमेरिकेतील बोस्टन शहरी वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात झालेला प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या घरातील १० जणांना आठवड्यातून ३ दिवस पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. ८ आठवड्यांचा क्रम पुरा करणाऱ्या ९ जणांच्या पायांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पूर्वीच्या पावणेतीन पट झाली. नव्वदीतही स्नायू हाकेला ओ देतात!

आता आपल्या बेळगाव-निपाणीकडील घरे पाहा. जन्मभर रानात राबलेल्या वडिलांना मुलगा मायेने म्हणतो, "आबा, पुष्कळ केलंत, आता बसा." आबा कट्ट्यावर बसतात, पाहता पाहता हाती काठी येते, आणि एखाद्या पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. मायेने दिलेली विश्रांतीच अंथरुणास खिळविते. आईवडिलांचा मान राखणे म्हणजे त्यांना बसवून ठेवणे नव्हे.

म्हणून वडीलधाऱ्यांनी, प्रकृती साथ देईल तसे, आठवड्यातून निदान १५० मिनिटे बऱ्या चालीने चालावे. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. भिंतीजवळ उभे राहून क्षणभर एका पायावर तोल सांभाळावा. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नुसत्या भाकरी-चटणीने स्नायू टिकत नाहीत. ताटात डाळ, हुलगे, मटकी, दूध किंवा अंडे असावे. तहान नसली तरी पाणी प्यावे. अंगणातील शेवाळ खरवडणे आणि न्हाणीच्या वाटेवर रात्री दिवा ठेवणे, हे मुलासुनांचे काम.

एक गोष्ट मात्र सांगताना आम्हांस संकोच वाटतो, कारण निपाणी भागातील कित्येक चुली तंबाखूवर पेटल्या आहेत. तथापि सत्य लपविता येत नाही. इंग्लंडचे डॉक्टर रिचर्ड डॉल व त्यांचे सहकारी यांनी १९५१ पासून ५० वर्षे तेथील हजारो डॉक्टरांच्या सवयी आणि आयुर्मान यांची नोंद ठेवली. साठीत धूम्रपान सोडणाऱ्यांसही सुमारे ३ वर्षांचे आयुष्य अधिक लाभले. पन्नाशीत सोडणाऱ्यांस सुमारे ६ वर्षांचे. तेव्हा "आता या वयात सोडून काय उपयोग?" हे म्हणणे खरे नाही. तंबाखू चघळल्यानेही तोंडाचा कर्करोग होतो, हेही ध्यानी असावे.

वाचकहो, आज सायंकाळी घरच्या आजोबांना "बसा" म्हणू नका. "चला, ओढ्यापर्यंत जाऊन येऊ," म्हणा, आणि त्यांच्या पावलाने चाला.