धावणाऱ्या सिस्टर आणि आपले गुडघे

"शेतकऱ्याला कसला आला आहे व्यायाम? दिवसभर वावरात राबतो, तोच व्यायाम." मिस्सा आटोपून आवारात चार माणसे उभी राहिली आणि प्रकृतीचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी बोलतेच. ते निम्मे खरे आहे. राहिलेल्या निम्म्यासाठी आज एका धर्मभगिनीची हकिकत सांगावीशी वाटते.

सिस्टर मॅडोना ब्यूडर यांचा जन्म १९३० साली अमेरिकेतील सेंट लुईस शहरात झाला. तेविसाव्या वर्षी त्यांनी मठात प्रवेश केला. वयाच्या ४८ व्या वर्षापर्यंत धावणे या गोष्टीशी त्यांचा काही संबंध नव्हता. १९७८ साली समुद्रकाठच्या एका शिबिरात फादर जॉन टोपेल यांनी सांगितले की धावण्याने शरीर, मन आणि आत्मा यांचा मेळ बसतो. सिस्टरना ते फारसे पटले नव्हते. पण त्यांनी किनाऱ्यावर पळून पाहिले, आणि मग पळतच राहिल्या. ५२ व्या वर्षी आयर्लंडमध्ये त्यांनी पहिली ट्रायथलॉन केली.

ट्रायथलॉन म्हणजे एकाच दमात तीन शर्यती. आधी पोहायचे, पाण्याबाहेर येऊन ओल्या अंगाने सायकलवर बसायचे, आणि सायकल ठेवून धावायला लागायचे. १९७४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे ही शर्यत प्रथम या नावाने झाली. १९७८ साली हवाई बेटांवर तिचे सर्वांत कठीण रूप निघाले, त्याला आयर्नमॅन म्हणतात. त्या पहिल्या वर्षी १५ जण उतरले व १२ जणांनी ती पुरी केली. अंतरे अशी : पोहणे ३.८ किलोमीटर, सायकल १८० किलोमीटर, धावणे ४२.२ किलोमीटर. आपल्या हिशेबाने सांगायचे तर पांढुर्ण्याहून सायकलने नागपूरला जाऊन जवळजवळ घरापर्यंत परत यायचे, आणि लगेच पांढुर्ण्याहून सौंसरपर्यंत व त्याच्याही पुढे पळत जायचे. पोहणे वेगळेच. हे सारे साधारण १७ तासांच्या आत. एक मिनिट उशीर झाला तरी शर्यत पुरी केल्याची नोंद होत नाही.

सिस्टरनी असल्या लांब शर्यतींना वयाच्या ५५ व्या वर्षी सुरुवात केली. २००६ साली, ७६ व्या वर्षी, हवाईची शर्यत त्यांनी १६ तास ५९ मिनिटे ३ सेकंदांत संपवली. मुदतीला ५७ सेकंद उरले होते. २०१२ साली कॅनडात, वयाच्या ८२ व्या वर्षी, १६ तास ३२ मिनिटांत पुन्हा शर्यत पुरी केली. एवढ्या वयाच्या बाईने ती पुरी केल्याचा तो विक्रम होता. अधल्यामधल्या काही शर्यतींत त्या मुदतीत पोहोचू शकल्या नाहीत. पडल्या, हाडे मोडली, तीही एकदा नव्हे, अनेकदा. लोक त्यांना 'लोखंडी सिस्टर' म्हणू लागले. पण लोखंडाला प्लास्टर घालावे लागत नाही.

मग श्रद्धेचा यात भाग कोणता? काहींना वाटते, त्या देवाची माणूस, देवाने त्यांना पुढे ढकलले असेल. मला हे पटत नाही. पाठीमागून ढकलणारा देव असता तर त्या ५७ सेकंदांसाठी जीव एवढा टांगणीला कशाला लागला असता? सिस्टरचा रोजचा क्रम पाहावा. मिस्सेला जायचे तर धावत जायचे. वेगळा प्रशिक्षक नाही. धावताना प्रार्थना करायची, कोणासाठी तरी करायची. धावणे हीच त्यांची प्रार्थनेची एक जागा झाली. कोणाला हरवायचे हा हेतू मागे पडला, म्हणून सर्वांत शेवटी येण्याची लाज राहिली नाही. आणि लाज राहिली नाही म्हणून ८२ व्या वर्षीही उभे राहता आले. मला वाटते, श्रद्धेने त्यांना एवढेच दिले, आणि ते काही थोडे नाही.

पावलांच्या तालावर प्रार्थना ही काही अमेरिकेतून आलेली नवी गोष्ट नाही. पूर्वेकडील जुने संन्यासी श्वासाबरोबर प्रभू येशूचे नाव घेत. आपल्याकडे सकाळी धुऱ्याधुऱ्याने जाणाऱ्या किती आयाबाया चालता चालता जपमाळ म्हणतात! नमो मरियेचा पहिला भाग चार पावलांत, दुसरा पुढच्या चार पावलांत, असे करून पाहावे. दम लागून शब्द तुटायला लागले तर समजावे की आपण फार जोरात चाललो आहोत. हे माप कोणत्याही घड्याळापेक्षा कमी नाही.

संत पौलाला शर्यतीची भाषा का सुचली असेल? ज्या करिंथकरांना त्याने पत्र लिहिले, त्यांच्या शहराजवळच दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. जिंकणाऱ्याला पाइन झाडाच्या डहाळीचा किंवा रानभाजीच्या पाल्याचा मुकुट मिळे. तो दोनचार दिवसांत सुकून जाई. पौलाने खेळाडूंची मेहनत हलकी ठरवली नाही, त्यांचे बक्षीस मात्र सुकणारे आहे एवढे दाखवले. त्याच पत्रात तो शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो. मंदिराची जमीन उखडली तर आपण वर्गणी काढतो. गुडघा सुजला तर 'देव पाहून घेईल' म्हणतो. ब्लडप्रेशरची गोळी बंद करून नुसत्या नोव्हेनावर राहिलेली माणसे आपल्या धर्मग्रामात नाहीत असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. प्रार्थना करावी आणि गोळीही घ्यावी.

आपल्या बाजूला गोव्यात ही शर्यत आली आहे. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची आयर्नमॅन झाली : १.९ किलोमीटर पोहणे, ९० सायकल, २१.१ धावणे. तो रविवार होता, त्यातही जागतिक मिशन रविवार. शर्यतीत उतरणाऱ्या ख्रिस्ती माणसाला मिस्सेचा प्रश्न पडणारच. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारच्या कर्तव्यासाठी चालते, अशी ख्रिस्तसभेच्या नियमांत सोय आहे. संत्र्याची तोड आणि गाडी भरणे रविवारीच निघते असे म्हणणाऱ्यांनीही ही सोय ध्यानात ठेवावी.

आता आपल्या गुडघ्यांकडे येऊ. शेतीचे काम कष्टाचे खरे, पण एकांगी असते. निंदणाला दिवसभर उकिडवे बसले की कंबर व गुडघे झिजतात. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की खांदे भरून येतात. हृदयाला आणि फुफ्फुसांना लागते ती सलग, बेताची हालचाल. ती त्यात कमी मिळते. शिवाय आता वावरात जायला मोटारसायकल आली, वखरणीला ट्रॅक्टर आला. काम कमी झाले, भाकरी तेवढीच राहिली, चहातली साखर वाढली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम हालचाल सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालणे किंवा सायकल. त्यासाठी आयर्नमॅन व्हावे लागत नाही.

विहिरीत पोहणे उत्तम, पण पायऱ्या असतील आणि काठावर पोहता येणारा माणूस असेल तरच. जाम किंवा कन्हान नदीला पूर असताना पाण्यात उतरणे हे धाडस नव्हे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. तेव्हा चालणे सूर्य उगवण्याआधी उरकावे. घाम फार गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. शुगर किंवा ब्लडप्रेशर असलेल्यांनी हे पाणी रोजचे सरबत म्हणून पिऊ नये.

संत्र्याच्या बागाइतदाराला विश्रांतीची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. आंबिया बहारासाठी आपण थंडीत झाडाचे पाणी तोडतो, ताण देतो, मग पाणी सोडले की फूल येते. ताणच दिला नाही तर बहार नीट येत नाही. ताण जास्त झाला तर पाने गळतात, फांद्या वाळून सल होते, आणि ती सल काढत बसावे लागते. शरीराचेही तसेच. चार दिवस मेहनत केली की एक दिवस मोकळा सोडावा. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांवर थांबावे, मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. चाळिशी उलटलेल्यांनी, शुगर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावे. चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात कळ गेली किंवा घेरी आली तर तिथेच बसावे, हाक मारावी आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. सिस्टरनी शर्यती अर्ध्यावर सोडल्या होत्या, आपण धुऱ्यावर बसलो तर काय बिघडले?

बहुतेक घरांत पोराला किंवा पोरीला शाळेतून मिळालेली सायकल भिंतीला टेकून उभी आहे. तिच्या चाकांत हवा भरून घ्यावी आणि साखळीला तेल द्यावे.