कानबाईचे रोट

राष्ट्राचे मानचिन्ह जसा ध्वज, तसे खानदेशातील कुळाचे मानचिन्ह म्हणजे कानबाईचा नारळ होय. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी साक्री, धुळे, जळगावकडे हा पिढीजात नारळ नथ-लुगडे लेवून चौरंगावर बसतो. रोटासाठी गहू घ्यावयाचे ते मापाने नव्हे, घरच्या माणसांच्या नावाने मुठी मोजून. ही एक शिरगणतीच. सुरतेस वा मुंबईस पोटासाठी गेलेला भाऊही तीत असतो, आणि बहुधा त्या दिवशी घरी येतो. कोरियातही आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस, छुसॉक सणाला, कुटुंबे परंपरेने थोरल्या भावाकडे पितरांच्या पूजेस जमतात.

रोट भाऊबंदांनीच खावयाचा. चुली वेगळ्या झाल्या, बांधावरून बोलणे तुटले, तरी या पंगतीस शेजारी बसावे लागते. मात्र पुष्कळ घरी सासरी गेलेल्या लेकीस माहेरचा रोट चालत नाही. कालपर्यंत तिच्या नावाची मूठ पडत होती. नियमाची ही बाजू कठोरच म्हणावयाची.

सोमवारी बायका कानबाईस डोक्यावर घेऊन, अहिराणी गाणी म्हणत नदीवर नेतात. साक्रीस ती नदी म्हणजे कान. पूजा आटोपली की नारळ पुन्हा घरी येतो.