आजीचे मोरपीस

दिवाळी आली की घरोघर अंकांची थप्पी येऊन पडते. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाने फराळाच्या ताटाशेजारी वाचनालाही जागा दिली आहे. पण डब्यातला चिवडा संपतो, त्याच सुमारास बहुतेकांचे वाचनही संपते आणि अंक रद्दीवाल्याची वाट पाहू लागतात.

हे मी कुणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. मराठी शिकवणे हा माझा पेशा; तरी गेल्या वर्षी मुलीने सहज विचारले, “बाबा, नेमलेलं सोडून तुम्ही शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंत?” आणि मला उत्तर देता आले नाही. उत्तरपत्रिका वाचतो, परिपत्रके वाचतो, मोबाइलवरचे निरोप तर मध्यरात्रीपर्यंत वाचतो! वेळ नव्हता असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

तेव्हा आजी आठवली. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. पूजा आटोपली की ती देवघरासमोर पाटावर बसे, दासबोधाचा एक समास वाची, मोरपिसाची खूण ठेवी आणि स्वयंपाकाला लागे. घरात पाहुणे असोत की कुणाचे आजारपण, समास चुकत नसे. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकात १० समास. म्हणजे २०० दिवसांत ग्रंथ पुरा. मग पुन्हा पहिल्यापासून. वाचनाची ‘आवड’ हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, माप ठरलेले. आवड मागाहून आपल्या पायांनी आली असावी. कारण एखादी ओवी वाचून तिला एकटीच हसताना मी पाहिले आहे.

आपण नेमके उलटे करतो. मुलांना वाचनाच्या गोडीवर व्याख्यान देतो, प्रदर्शनातून पिशव्या भरून पुस्तके आणतो आणि काचेच्या कपाटात नीट लावून ठेवतो.

मी आजीचे माप उचलले. रात्री जेवणानंतर दहा पाने. फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर. पहिले आठ दिवस हात आपोआप खिशाकडे जाई, तीच ओळ तीनदा वाचावी लागे. महिनाअखेरीस मात्र तीनशे पानांची कादंबरी संपली. या हिशेबाने वर्षाला बारा! एखाद्या रात्री दोनच पाने होतात. तिथेच खूण ठेवतो.

मुलीला मी काहीच सांगितले नव्हते. परवा पुस्तक उघडले, तर आत आणखी एक खूण होती. बसचे तिकीट, माझ्या पानाच्या चांगले चाळीस पाने पुढे.