वगळणे आणि परतीची वाट

मेलबर्न शहरात हिवाळ्यातील गुरुवारची सायंकाळ ही पूर्वापार चर्चेची वेळ मानली जाते. शनिवार-रविवारच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल सामन्यांसाठी संघ जाहीर होतात आणि कोणाला घेतले, कोणाला वगळले यावर घराघरांतून वाद रंगतात. उन्हाळा आला की तेच शहर, तीच माणसे आणि पुष्कळदा तेच मैदान क्रिकेटकडे वळते. वस्तुतः या दोन खेळांचे नाते जन्मापासूनचे आहे. क्रिकेटपटूंची अंगे हिवाळ्यात जड होऊ नयेत म्हणून फुटबॉलचा एखादा क्लब काढावा, असे पत्र टॉम विल्स या क्रिकेटपटूने 1858 च्या जुलैत एका वृत्तपत्राला लिहिले आणि पुढच्याच वर्षी या खेळाचे पहिले नियम लिहिले गेले. तेव्हा तेथील क्रीडारसिक बाराही महिने निवड समितीच्या उलटतपासणीत गुंतलेला असतो, यात नवल ते काय!

या रसिकाचा आवडता शब्द म्हणजे 'फॉर्म'. अमुक खेळाडूचा सूर हरपला आहे, त्याला काढा. तमुक राज्याच्या संघाकडून धावांच्या राशी ओततो आहे, त्याला घ्या. हा युक्तिवाद सोपा असतो आणि अनेकदा तो बरोबरही ठरतो. परंतु त्यात एक मेख आहे. फॉर्म ही आठवड्यांची गोष्ट असते, गुणवत्ता ही वर्षांची. धावफलक आठवडे मोजतो. वर्षे ओळखण्याचे काम निवड समितीला स्वतःच्या नजरेने करावे लागते. ही नजर चुकते. चुकल्याचा दोषही फार मोठा नव्हे. चूक दुरुस्त करण्याची वाट मोकळी राहिली आहे की नाही, हा खरा प्रश्न असतो.

1992 च्या जानेवारीत सिडनीच्या कसोटीत शेन वॉर्न नावाचा एक गुबगुबीत लेगस्पिनर प्रथमच ऑस्ट्रेलियाकडून खेळला. मुंबईच्या रवी शास्त्रीने त्या सामन्यात 206 धावा केल्या, तर अठरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने नाबाद 148. वॉर्नच्या पदरी 150 धावांच्या मोबदल्यात एकच बळी पडला, तोही द्विशतक पुरे झाल्यावर बाद झालेल्या शास्त्रीचा. पुढच्या ॲडलेडच्या कसोटीत तो बळीविनाच राहिला आणि पर्थला त्याला वगळण्यात आले. फॉर्मच्या न्यायाने हा निर्णय अचूकच होता. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात, मेलबर्नला वेस्ट इंडीजविरुद्ध, त्याला पुन्हा चेंडू देण्यात आला आणि दुसऱ्या डावात त्याने 52 धावांत 7 गडी बाद केले. निवृत्तीच्या वेळी त्याच्या नावावर 708 कसोटी बळी होते. त्याला वगळणारे शहाणे होते, पण त्याला परत बोलावणारे अधिक शहाणे होते.

खुद्द डॉन ब्रॅडमन यांनाही हा अनुभव चुकला नाही. 1928 साली ब्रिस्बेनच्या पदार्पणात त्यांनी 18 आणि 1 अशा धावा केल्या आणि दुसऱ्या कसोटीत ते बारावे खेळाडू झाले. तिसऱ्या कसोटीत त्यांना परत घेतले. तेथे 79 आणि 112 अशी उत्तरे त्यांनी दिली. स्टीव्ह वॉचे उदाहरणही असेच बोलके आहे. 1991 च्या जानेवारीत त्याची जागा त्याच्या जुळ्या भावाला, मार्कला देण्यात आली आणि मार्कने पहिल्याच डावात 138 धावा काढल्या. एकाच घरात आनंद आणि दुःख एकाच दिवशी पोहोचले. तरीही स्टीव्हची वाट बंद झाली नाही. पुढे तो कर्णधार झाला आणि 168 कसोटी सामने खेळून सन्मानाने निवृत्त झाला.

मात्र सर्वांच्याच नशिबी हे औदार्य आले नाही. 1971 साली इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतील अखेरच्या कसोटीपूर्वी बिल लॉरी याला केवळ कर्णधारपदावरूनच नव्हे, तर संघातूनही दूर करण्यात आले. निवड समितीने त्याला समोर बसवून सांगण्याआधीच बातमी फुटली होती. 67 कसोटी खेळलेला हा सलामीचा फलंदाज नंतर एकही कसोटी खेळला नाही. तो नसताना ऑस्ट्रेलिया सिडनीची ती कसोटीही हरली आणि ॲशेसही. त्या निवड समितीचे अध्यक्ष होते ब्रॅडमन! तारुण्यात ज्यांना एका सामन्यात परतीची वाट मिळाली, त्यांच्याच अध्यक्षतेखाली दुसऱ्याची वाट कायमची बंद व्हावी, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

डीन जोन्सची कथा मेलबर्नकर अद्याप विसरलेले नाहीत. 1986 साली मद्रासच्या उकाड्यात, उलट्या होत असताना 210 धावा काढणारा हा फलंदाज 1992 च्या श्रीलंका दौऱ्यात नाबाद शतक करून आला आणि मायदेशी परतल्यावर संघाबाहेर गेला. त्याची सरासरी 46.55 होती. राज्याच्या संघाकडून धावा काढूनही कसोटीचे दार त्याच्यासाठी पुन्हा उघडले नाही. 2020 च्या सप्टेंबरात, समालोचनाच्या कामानिमित्त मुंबईत असताना, त्याचे निधन झाले; तेव्हाही त्याच्या चाहत्यांना ती जुनी निवड आठवली.

जोन्स बाहेर गेला त्या ब्रिस्बेनच्या कसोटीत डेमियन मार्टिन या तरुणाने पदार्पण केले. गंमत अशी की दैवाचा फेरा त्यालाही चुकला नाही. 1994 च्या जानेवारीत सिडनीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 117 धावांचे लक्ष्य असताना ऑस्ट्रेलिया 111 धावांत गडगडली. पराभव संपूर्ण संघाचा होता. पण एका सैल फटक्याचा दोष मार्टिनच्या माथी बसला आणि पुढची कसोटी खेळण्यासाठी त्याला 2000 सालापर्यंत थांबावे लागले. सहा वर्षे! पण वाट पुरती बुजली नव्हती. 2004 च्या ऑक्टोबरात नागपूरला त्याने 114 आणि 97 अशा धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाने 1969 नंतर प्रथमच भारतात मालिका जिंकली. एका फटक्यासाठी हाकलला गेलेला माणूस विदर्भाच्या मैदानावर मालिकेचा मानकरी ठरला. नागपूरच्या ज्या प्रेक्षकांनी तो खेळ पाहिला, त्यांना त्या सहा वर्षांचे मोल कदाचित ठाऊक नसेल.

फुटबॉलमध्ये ही निष्ठुरता अधिक धारदार होते. तेथे निवड दर आठवड्याला होते आणि अजिंक्यपदाचे पदक अंतिम सामना जिंकणाऱ्या संघातून प्रत्यक्ष खेळलेल्यांनाच मिळते. 2010 चा अंतिम सामना कॉलिंगवूड आणि सेंट किल्डा यांच्यात 68-68 असा बरोबरीत सुटला आणि आठवड्याने पुन्हा खेळवावा लागला. मधल्या काळात कॉलिंगवूडने लिऑन डेव्हिसला वगळून टायसन गोल्डसॅकला घेतले. कॉलिंगवूड 56 गुणांनी जिंकले. गोल्डसॅकला पदक मिळाले, डेव्हिस रिकाम्या हातांनी राहिला. निर्णय चुकीचा होता असे कोण म्हणेल? तरी त्यातील दुःख खोटे ठरत नाही. 2016 साली वेस्टर्न बुलडॉग्ज या संघाने 1954 नंतर प्रथमच अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्यांचा कर्णधार बॉब मर्फी गुडघ्याच्या दुखापतीमुळे मैदानाबाहेर होता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला व्यासपीठावर बोलावले आणि स्वतःच्या गळ्यातील पदक त्याच्या गळ्यात घातले. नियम मोडला नाही. पण नियमापलीकडे माणूस असतो, हे हजारो प्रेक्षकांसमक्ष मान्य झाले.

यावरून निवड भावनेने करावी असा अर्थ कोणी काढू नये. संघातील जागा म्हणजे पेन्शन नव्हे. जुन्या पुण्याईवर कोणाला सांभाळणे हा दाराबाहेर उभ्या असलेल्या तरुणावर अन्याय असतो. परंतु शेफील्ड शील्डसारखी स्पर्धा 1892 पासून चालवायची आणि तेथील धावांकडे मात्र वयाचा दाखला पाहून डोळेझाक करायची, हाही तितकाच अन्याय आहे. 2019 साली वगळलेला उस्मान ख्वाजा 2022 च्या जानेवारीत, पस्तिशीत, एका सहकाऱ्याच्या आजारपणामुळे सिडनीला परतला आणि त्याने दोन्ही डावांत शतके काढली. ही शतके ज्या गुणवत्तेतून आली, ती मधल्या अडीच वर्षांतही त्याच्यापाशी होतीच. पाहणारी नजर तेवढी दुसरीकडे वळली होती.

येथेच रसिकाच्या मताला मोल प्राप्त होते. निवड समितीला उद्याचा सामना जिंकायचा असतो. रसिकाला मात्र कालचे आठवत असते. तो अवास्तव बोलतो, आपल्या गावच्या खेळाडूची बाजू घेतो, चुकल्याचा जाब त्याला कोणी विचारीत नाही. हे सारे खरे आहे. तरीही बाहेर गेलेल्या माणसाचे नाव दर आठवड्याला घेत राहणारा तोच असतो. वगळण्याचा अधिकार समितीचा. वगळलेल्याला विसरू न देण्याचे काम रसिकाचे. गुरुवारच्या सायंकाळी मेलबर्नमध्ये चालणाऱ्या त्या वादांना पोरकट म्हणून हसण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.